सैनिकाचे शिक्षण : मेहेरबानी की हक्क?

पहाटे पाच वाजता आमच्या वस्तीतली पोरे भरतीच्या तयारीसाठी धावायला निघतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, छाती किती फुगली, दिवसभर हाच हिशेब. मागच्या महिन्यात अभ्यासवर्गात त्यांच्यातल्या एकाने विचारले, "चार वर्षे फौजेत काढून परत आलो, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च कोण देणार?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. ते शोधताना आम्ही अमेरिकेतील सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा वाचला. त्या कायद्यातून आपल्या चळवळीने काय घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी घरची गोष्ट. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. फौजेत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवले जात होते, म्हणून ज्यांना गावच्या शाळेची पायरी बंद होती त्या घरांत अक्षर पोहोचले. पण १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची भरतीच थांबवली. गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीअर्ज केला, पण बंद झालेले दार लगेच उघडले नाही. भरती गेली आणि तिच्याबरोबर शाळाही गेली. असे का झाले? कारण ते शिक्षण मालकाची सोय होती. तो सैनिकाचा हक्क आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते.

आता अमेरिकेकडे वळू. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'जीआय बिल'वर सही केली. युद्धातून परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, निर्वाह भत्ता आणि घरासाठी कर्जाची हमी मिळाली. कायद्याच्या मजकुरात गोरा-काळा असा शब्दही नव्हता. मात्र मिसिसिपीचे वंशवादी खासदार जॉन रँकिन यांनी अंमलबजावणी राज्यांच्या आणि स्थानिक लोकांच्या हाती राहील अशी तजवीज केली. दक्षिणेतील विद्यापीठे काळ्यांना प्रवेश देत नव्हती, काळ्यांच्या कॉलेजांत जागा अपुऱ्या होत्या आणि बँका कर्ज देत नव्हत्या. १९४७ मध्ये मिसिसिपीतील १३ शहरांची पाहणी झाली, तेव्हा या कायद्याखालच्या ३,२२९ कर्जांपैकी काळ्या सैनिकांना मिळालेली कर्जे होती फक्त २. बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक आयरा कॅट्झनेल्सन यांनी यावर २००५ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. कायदा समान असला तरी तो राबवणारा हात कोणाचा आहे, हे आधी पाहावे लागते. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी भिंत अधिक बारीक आहे. ती आहे राखीव दल आणि सक्रिय सेवा यांच्यामधली. अमेरिकेत हजारो तरुण पूर्णवेळ सैनिक नसतात. ते महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे सराव करतात. सहा वर्षे राखीव दलात राहण्याचा करार केला, की त्यांना 'माँटगोमेरी जीआय बिल'ची राखीव दलासाठीची मदत मिळते. ती पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिन्याला ५०० डॉलरच्याही आत असते. त्याच नावाच्या योजनेत सक्रिय सैनिकाला २,००० डॉलरच्या वर मिळतात. त्यासाठी त्याच्या पगारातून सुरुवातीला १,२०० डॉलर कापले जातात, हेही खरे. राखीव दल सोडले, की ही छोटी मदतही बहुतेकांची बंद होते.

२००८ च्या 'पोस्ट-९/११ जीआय बिल'ने हिशेब दिवसांवर आणला. ९० दिवसांची सक्रिय सेवा झाली, की आज ५० टक्के लाभ मिळतो. ३६ महिने पूर्ण झाले, की १०० टक्के. त्यात फी, घरभाडे आणि पुस्तके सगळे आले. म्हणजे राखीव दलातून सक्रिय सेवेत गेलेल्या पोराचा हक्क दिवसागणिक वाढतो. पण शनिवार-रविवारचा सराव या मोजणीत धरत नाहीत. त्याहून वाईट असे, की एका विशिष्ट कलमाखाली परदेशी तैनातीवर पाठवलेल्या राखीव सैनिकांचे दिवसही अनेक वर्षे मोजले जात नव्हते. गणवेश तोच, धोका तोच, फक्त आदेशावरचा कलम क्रमांक वेगळा! ही चूक २०१७ च्या कायद्याने दुरुस्त केली.

जेम्स रुडिसिल यांचा खटला तर प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा. ते आधी लष्करात शिपाई होते, मग नॅशनल गार्डमधून इराकला गेले आणि नंतर अधिकारी म्हणून पुन्हा सक्रिय सेवेत आले. तीन टप्प्यांची मिळून जवळपास आठ वर्षांची सेवा. पदवीसाठी त्यांनी जुन्या योजनेचे २५ महिने १४ दिवस वापरले. पुढे येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला निघाले, तेव्हा सरकारी विभाग म्हणाला की नव्या योजनेचे फक्त १० महिने १६ दिवस मिळतील. रुडिसिल यांचे म्हणणे असे की सेवेचे टप्पे वेगळे आहेत, त्यामुळे दोन्ही हक्क स्वतंत्र आहेत आणि कायद्याने घातलेली मर्यादा एकूण ४८ महिन्यांची आहे. १६ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांची बाजू मान्य केली. निकाल लिहिला न्यायमूर्ती केतनजी ब्राऊन जॅक्सन यांनी. त्या न्यायालयातल्या त्या पहिल्या काळ्या महिला न्यायाधीश.

इथे थोडे थांबा. रुडिसिल न्यायालयात जाऊ शकले, कारण त्यांच्याकडे दाखवायला कलम होते. मेहेरबानीवर खटला भरता येत नाही, हक्कावर भरता येतो. आमचा सारा मुद्दा एवढाच आहे.

आता आपल्याकडे काय चित्र आहे? अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली, संसदेच्या कायद्याने नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतील. बाकीच्यांच्या हाती सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, आणि त्यातला अर्धा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. दहावी झालेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावीचे प्रमाणपत्र आणि इग्नूच्या पदवीत सेवेचे श्रेयांक, एवढी शिक्षणाची सोय आहे. ती चांगलीच आहे. पण बाहेर पडल्यावर इंजिनिअरिंगची किंवा एमएची फी सरकार भरेल, असे कलम त्यात नाही.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे एवढे कौतुक कशाला? कौतुक नाहीच. गरिबाच्या पोराला कॉलेजात जाण्यासाठी आधी बंदूक उचलावी लागते, ही त्या देशाची शोभा नव्हे. शिक्षण गणवेशाशिवायही मिळाले पाहिजे. ज्या १९४४ साली जीआय बिल आले, त्याच साली आपल्याकडे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. ऐंशी वर्षे झाली, तरी ती 'योजना'च आहे. निधी आला तर आला. फॉर्म भरून, उत्पन्नाचा दाखला जोडून वर्ष संपले तरी खात्यात पैसे न आलेली मुले आमच्याकडे येतात. परीक्षेच्या तोंडावर कॉलेज त्यांना फी मागते. खटला कशावर भरायचा?

म्हणून भरतीला निघालेल्या भावांनो आणि बहिणींनो, धावा, जरूर धावा. पण सही करण्यापूर्वी कागद वाचा. काय मिळेल हे विचारा आणि ते कुठे लिहिले आहे, हेही विचारा. आणि चळवळीतल्या साथींनो, आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. सैनिकाच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात लिहा. चार वर्षांचा जवान असो वा कायम जवान, सेवेचा प्रत्येक दिवस त्यात मोजा. आणि ज्या शिष्यवृत्तीवर आपल्या पिढ्या शिकल्या, तिलाही योजनेतून कायद्यात आणा, मुदतीसह आणि उशीर झाल्यास दंडासह.

सुभेदारांची शाळा गेली, कारण ती कागदावर आपल्या नावाने नव्हती. ती चूक पुन्हा होऊ द्यायची नाही.

जय भीम!