फवारणीची विषबाधा : रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे धोका टळला असं नाही

कपाशीवर फवारणी सुरू झाली की मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ अशा तक्रारी वाढतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अशा रुग्णाची ‘कोलिनेस्टरेज’ ही रक्ततपासणी करतात. पण तिचा आकडा रक्त कसं घेतलं यावरही बदलतो.

कोलिनेस्टरेज हे शरीरातलं एन्झाइम. मेंदूचा निरोप स्नायूला पोचला की तो थांबवायचं काम ते करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं तेच बंद पाडतात. म्हणून आकडा घटला की विष अंगात गेल्याचा संशय येतो.

चूक कुठं होते?

नळी : साखरेच्या तपासणीला राखाडी झाकणाची नळी वापरतात. तिच्यात फ्लोराइड असतं आणि ते हेच एन्झाइम दाबतं. त्या नळीत रक्त घेतलं तर धडधाकट माणसाचाही आकडा कमी येऊ शकतो.

रक्त ओढणं : बारीक सुई, सिरिंजचा जोराचा ओढा किंवा नळी हलवली तर लाल पेशी फुटतात. पेशींतलं एन्झाइम बाहेर मिसळतं आणि आकडा उगाच वाढू शकतो. यकृतासाठी बघतात तो एसजीओटी सुद्धा यामुळं वाढतो.

हात : कातडीवर औषध असताना बोट टोचून रक्त घेतलं तर औषध थेट नमुन्यात जातं. आधी साबणाने हात धुणं गरजेचं.

उशीर : रक्तात उरलेलं विष नळीतही काम करत राहतं. नमुना थंड ठेवून लवकर लॅबला पोचला पाहिजे.

नमुना बरोबर घेतला तरी एक अडचण उरते. प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा असतो. ज्याचा मुळातच जास्त, त्याचा पाव भाग घटला तरी कागदावर ‘नॉर्मल’च दिसेल. म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ही औषधं वारंवार हाताळणाऱ्या मजुरांचा आकडा कामाआधीच घेऊन ठेवतात. हा नियम १९७४ पासूनचा. मूळ आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त घट दिसली की मालकाला कामाची पद्धत तपासावी लागते. आपल्याकडंही फवारणीच्या हंगामाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक नमुना घेतला, तर नंतरच्या रिपोर्टला अर्थ येईल.

आणखी एक गोष्ट. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही औषधं या गटातली नाहीत. त्यांची बाधा या तपासणीत दिसत नाही.

त्यामुळं त्रास झाला तर रिपोर्टची वाट बघत घरी बसू नये. कपडे बदला, अंग साबणाने धुवा, दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर रिपोर्टआधीच अॅट्रोपिन सुरू करतात.