पाणी तिळारीचं, माणूस मात्र भायलो?

'भायले' हा शब्द आपण गोवेकर फार सहज वापरतो. २०१८ च्या सुरुवातीला गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, शेजारच्या दोडामार्गात आंदोलन पेटलं, तेव्हा पेडणे-डिचोलीतही हा शब्द फार ऐकू आला. भायल्यांनी आमचं इस्पितळ भरलं, असं म्हणणारे आपलेच लोक होते. माझं भांडण त्या नियमाशी कमी, या भाषेशी जास्त आहे.

मंडळी, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं? पेडणे, डिचोली, बार्देशला पाणी देणारं तिळारी धरण दोडामार्ग तालुक्यात आहे. दोन्ही राज्यांचा करार १९९० चा. पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. त्यासाठी आयनोडे, शिरंगे यांसारखी गावं उठली. कालवा फुटला की चांदेलचा प्रकल्प अडतो आणि पेडण्यात बोंब होते. गोव्याने पैसे मोजले, हे खरं. पण घर आणि देवस्थान सोडून उठलेल्यांचा हिशेब पैशांत होतो का? त्यांचं पाणी आपलं आणि त्यांचा ताप परका, हा कुठला शेजारधर्म?

बरं, हे परके कधीपासून? पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं. सोयरिकी आजही सीमेपलीकडे होतात. सोनुर्लीच्या माउलीच्या जत्रेला आपण गाड्या भरभरून जातो. तिथे कुणी आपलं आधार कार्ड विचारत नाही. आणि पत्रादेवी? १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथे पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलणारे कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबचे होते. त्या दिवशी कुणाला 'भायलो' म्हणायचं सुचलं नाही!

गंमत म्हणजे पेडण्यात डोंगर कापून बंगले बांधणारा दिल्लीवाला आला की आपण त्याला 'सर' म्हणतो. 'भायलो' उरतो तो ताप घेऊन एसटीने आलेला म्हातारा. म्हणजे आपला राग परकेपणावर नाही, गरिबीवर आहे.

खाटा कमी आहेत, खर्च गोव्याच्या करदात्याचा आहे, ही अडचण खोटी नाही. पण तो हिशेब दोन सरकारांनी टेबलावर बसून करावा, जसा तिळारीच्या खर्चाचा केला. खिडकीशी उभ्या असलेल्या रुग्णाकडे तो मागू नये.

दया म्हणजे उपकार, अशी आपली समजूत झाली आहे. एकाच नदीचं पाणी पिणाऱ्यांत उपकार कसला? इस्पितळाच्या रांगेत पुढचा माणूस दोडामार्गचा निघाला तर त्याला जागा द्या, वॉर्ड कुठे ते दाखवा. आणि तो शब्द तेवढा तोंडात आवरा.