निरोप समारंभानंतरचे नव्वद दिवस

हल्ली आपल्या भागात जर्मनीला निघालेल्या पोरापोरींच्या निरोपाच्या बातम्या वाढल्यात. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. आनंदच आहे, बातमी मीही छापतो. पण पोरगं तिकडे उतरल्यावर पहिल्या नव्वद दिवसांत त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. आज त्यावर लिहितो. जरा लांबलंय, पण ज्यांच्या घरात पासपोर्ट काढायला टाकलाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. स्टुटगार्ट ही त्या राज्याची राजधानी. प्रायोगिक तत्त्वावर १०,००० तरुण पाठवायचं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं. त्यातले किती गेले, किती अडकले, हा वेगळा विषय. पण करारामुळे जर्मनीचं नाव घरोघरी पोचलं आणि पाठोपाठ खासगी एजंटांच्या पाट्या एसटी स्टँडपर्यंत आल्या. सगळा भर भाषेची परीक्षा आणि व्हिसा यावर. म्हणजे आपण पोरांना जायला तयार करतोय. तिथे राहायला कोण तयार करणार?

पहिला घोळ पत्त्याचा. जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो. 'मित्राकडे उतरलोय' म्हणून भागत नाही. नोंद झाली की कर क्रमांक पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. बऱ्याच बँका खातं उघडायलाही हीच नोंद मागतात. म्हणजे घर नाही तर नोंद नाही आणि नोंद नाही तर पुढचं सगळं खोळंबलं. मोठ्या शहरांत घरांची टंचाई आहे. मग पैसे घेऊन नुसता पत्ता देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. राहत नसलेल्या माणसाला नोंदीसाठी पत्ता देणाऱ्याला तिथे ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंद करणाराही सुटत नाही. अनामत रक्कम किती, यालाही कायदा आहे. वीज-पाणी-हीटिंगचा खर्च सोडून जे मूळ भाडं असतं, त्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरता येते. हे ज्याला माहीत नसतं तो घाबरून मागतील तेवढे देतो.

दुसरा घोळ पगाराचा. एजंट सांगतो तो आकडा कापाकापी व्हायच्या आधीचा असतो. अविवाहित माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, पेन्शन वगैरे धरून साधारण तिसरा हिस्सा जातो. उरलेल्यात भाडं. शिवाय दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी. टीव्ही नसला तरी. तिचं पत्र आलं की नव्या पोरांना फसवणूक वाटते आणि ते कचऱ्यात टाकतात. मग दंड लागून रक्कम वाढते. (एका घरात चौघे राहत असले तरी वर्गणी एकच, हेही लक्षात ठेवा.) शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं अवघड नाही. उभं पीक बघून केलेला अंदाज आणि खळ्यावर आलेलं धान्य यात फरक असतो. तरी कर्जाचा हप्ता आपण उभ्या पिकावर ठरवतो! बापाने जमीन गहाण टाकलेली असते आणि पोरगं तिकडे एक वेळ पाव खाऊन पैसे पाठवत असतं. फोनवर मात्र 'मजेत आहे' म्हणतं.

तिसरी गोष्ट काहींना टोचेल. त्या भागात केरवोखे नावाची पद्धत आहे. आपल्या चाळीत पाण्याच्या पाळ्या असायच्या, तशी तिथे झाडलोटीची पाळी. अनेक इमारतींत भाडेकरूने आपल्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, काही ठिकाणी दारापुढचं बर्फही काढायचं. कचरा वेगवेगळ्या डब्यांत. रात्री दहानंतर आवाज नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून पीठ-मीठ शनिवारीच आणायचं. यात अवघड काय? काहीच नाही. पण आपल्याकडचा बावीस वर्षांचा मुलगा जेवलेलं ताट उचलत नाही. केरसुणी बाईच्या हातात किंवा 'त्यांच्या' हातात, हे तो घरातच शिकतो. नर्सिंग झालेली पोरगी निदान घरात राबलेली असते. पोरगा जर्मन व्याकरण पाठ करून जातो आणि जिन्यावर अडतो. शेजारी आधी चिठ्ठी लावतात, मग घरमालकाकडे तक्रार जाते. 'जर्मन लोक फार खडूस' असं म्हणून आपण मोकळे होतो. आई-बाबांनो, पोराला वर्षभर आधी वरण-भात लावायला आणि संडास घासायला शिकवा. क्लासच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.

चौथी गोष्ट एकटेपणाची. क्लासमधली जर्मन आणि तिथल्या कामगाराच्या तोंडची श्वेबिश बोली यात बरंच अंतर आहे. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला थेट धुळ्याच्या बाजारात अहिराणी ऐकायला उभं करा, तसं. डिसेंबरात साडेचारला अंधार. अशा वेळी आपली चार पोरं एका खोलीत राहतात, आपलंच बोलतात, आपलंच खातात. आधार म्हणून ते ठीक आहे, गणपतीला मराठी मंडळात जावंच. पण तिथली गावं चालतात ती क्लबांवर. फुटबॉल, गाणं, स्वयंसेवी अग्निशमन दल. एखाद्यात नाव घातलं की बोली कानावर पडते आणि अडीनडीला दार वाजवायला माणूस मिळतो.

आता मागणी. सरकारने भाषेच्या प्रशिक्षणाला जोडून रोजच्या जगण्याचे वर्ग घ्यावेत, आणि ते तिथे राहून आलेल्यांनी घ्यावेत. पालकांनी एजंटला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिल्या तीन महिन्यांचा पत्ता कोणता आणि घरमालकाचा कागद कोण देणार? हातात पडणारा पगार किती? अडचण आली तर तिथे प्रत्यक्ष भेटणारा माणूस कोण? तिन्हींची उत्तरं नसतील तर पैसे खिशातच ठेवा.

जायला माझा विरोध नाही. इथे काम नाही म्हणून पोरं जातात, त्यांना अडवायचा अधिकार आपल्याला कुठून आला? फक्त तिकडे गेलेल्या पोराला पुढच्या फोनवर 'पगार किती' विचारण्याआधी 'आज काय शिजवलंस' एवढं विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लावतो, त्यावरून बरंच कळेल.