जिवाणूंना उपाशी ठेवून पाणी शुद्ध होत नाही

सांडपाण्याचा विषय निघाला की दोन मतं छातीठोकपणे मांडली जातात. चांगला आरओ बसवा, प्रश्न मिटला, हे एक. बाजारात जिवाणूंची पावडर मिळते, ती नाल्यात ओता, बाकीचं निसर्ग बघून घेईल, हे दुसरं. दोन्ही अर्धवट.

आधी आरओवाल्यांचं बघू. आरओमधली मेंब्रेन, म्हणजे गाळणीचा पडदा, घाण नष्ट करत नाही, नुसती बाजूला काढते. घरच्या आरओची बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते, तिच्यातून आपलेच क्षार जास्त दाट होऊन वाहत असतात. मैलापाण्यावर सरळ आरओ लावला तर मेंब्रेन चिकट थराने लवकरच तुंबेल, आणि वेगळ्या काढलेल्या घाणीचं काय करायचं हा प्रश्न तिथेच राहील.

पावडरवाल्यांचं म्हणणं तर त्याहून भाबडं. जिवाणू मैला खातात हे खरंच. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत त्याच भुकेवर चालते. पण त्यांना हवा लागते, वेळ लागतो, मुक्काम लागतो. वाहत्या नाल्यात टाकलेली पावडर पाण्याबरोबरच पुढे निघून जाते.

म्हणून मेंब्रेन आणि जिवाणू या दोघांना एकाच टाकीत नांदवायचं. मेंब्रेन बायोरिॲक्टर, म्हणजे एमबीआर, हेच करतो. टाकीत शेवयांसारख्या पोकळ तंतूंच्या जुड्या उभ्या असतात. त्यांची छिद्रं साधारण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढी. पंप ओढतो, पाणी तंतूच्या आत शिरतं, जिवाणू बाहेरच अडकतात. ते वाहून जायची भीती नसल्याने नेहमीच्या टाकीत जिथे लिटरमागे तीन-चार ग्रॅम जिवाणूंचा गाळ असतो, तिथे आठ-दहा ग्रॅम ठेवता येतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे, सावकाश वाढणारे जिवाणूही त्यात तग धरतात. गाळ खाली बसवायची वेगळी टाकी लागत नाही, त्यामुळे जागा वाचते. विरघळलेलं मीठ मात्र एमबीआर काढत नाही. तिथे आरओ हवाच, पण तो शेवटी.

‘महाग पडतं, वीज खातं’ हा आक्षेप खोटा नाही. तंतूंवर थर बसू नये म्हणून खालून बुडबुडे सोडावे लागतात, गेजवरचा दाब चढला की क्लोरीनच्या द्रावणाने धुवावं लागतं. पण हा आक्षेप घेणारी सोसायटीच उन्हाळ्यात टँकरमागे टँकर मागवते आणि ते पाणी फ्लशमध्ये ओतते! वर काटकसर म्हणून रात्री एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा, हवा सोडणारा ब्लोअर बंद. निरोगी गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. हवा तुटली की तो काळा पडतो, सडक्या अंड्यांचा दर्प सुटतो, आणि सर्वसाधारण सभेत ठराव होतो की हे तंत्रज्ञानच कुचकामी. ऑपरेटरला धड पगार नाही, हे इतिवृत्तात येत नाही.

उरली शुद्ध केलेलं सांडपाणी पुन्हा वापरण्याची किळस. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिते आहे. २००२ पासूनच्या तिथल्या नव्या प्रकल्पात ओझोन, कार्बन आणि अल्ट्राफिल्ट्रेशन असे टप्पे आहेत. आपल्याकडे प्रश्न फक्त फ्लशचा आणि बागेचा, तरी नाकं मुरडली जातात. टँकर ज्या विहिरीवर भरतो तिच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागणारा सभासद मात्र मला अजून भेटायचा आहे.