पित्त उठले, की जिवावर बेतले?

मूल शीरखुर्मा खाते आणि थोड्याच वेळात अंगावर लाल गांधी उठतात. शिरूर असो की दौंड, आपल्या घरांत पहिला शब्द येतो, "पित्त उठलंय." मग दादी आमसुलाचे पाणी अंगाला लावते, अम्मी कपाटातली गोळी शोधते. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. म्हणूनच ज्या वेळी भागत नाही, ती वेळ ओळखायला आपण उशीर करतो.

दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-पिस्ते, मासळी यांची अ‍ॅलर्जी असेल, तर त्रास बहुधा काही मिनिटांपासून २ तासांत सुरू होतो. नुसत्या गांधी आणि खाज असेल, मूल खेळत-बोलत असेल, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर मुलावर नजर ठेवावी.

पण छातीतून शिट्टीसारखा आवाज, थांबत नाही असा खोकला, घोगरा आवाज, सुजलेली जीभ, गिळता न येणे, चक्कर किंवा मूल पांढरे पडून मलूल होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी ती आणीबाणी समजावी. गांधींबरोबर पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या तरीही तेच. तान्हे बाळ सांगू शकत नाही, ते एकाएकी गळून जाते. अंगावर एकही गांध नसताना असा झटका येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवू या. डॉक्टर याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात.

अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, कोंडलेला श्वास मोकळा करत नाही. इथे पहिले औषध म्हणजे मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. म्हणून लगेच १०८ ला फोन करावा. पुणे दोन्ही गावांहून तासाभराहून दूर आहे. मोठ्या दवाखान्याच्या ओढीने वेळ न घालवता सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. मुलाला चालवू नये, आडवे निजवावे. धाप लागली असेल तर बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर ठेवावे. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नये, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

दुआ ओठांवर असू द्यावी, पण पाय दवाखान्याकडे वळावेत. आणि शेजारी शीरखुर्म्याची वाटी पाठवताना त्यात काय काय घातले आहे, तेही आवर्जून सांगू या.