पिशवी भरण्याआधी भरतीची वेळ पाहा

पावसाळा सरत आला की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो: डहाणूला जायचंय, बरोबर काय घेऊ? विचारणारे बहुतेक नोकरी सांभाळून कॅमेरा हाती घेणारे हौशी आहेत. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली आणि सव्वाशे किलोमीटरवरचा हा मुलूख त्यांच्या एका रविवारात आला. सकाळी किनारा, मग सागर नाका आणि इराणी रोडची वर्दळ, दुपारी चिकूच्या वाड्या, संध्याकाळी तलासरीकडचे पाडे. इतकं सगळं एका दिवसात बसवायचं म्हणून पिशवीतही सगळंच कोंबलं जातं. आमचं मत असं आहे की या भागासाठी दोन लेन्स पुरतात, ७०-३०० मिमीची झूम आणि ३५ मिमीची एफ १.८. यातली मोलाची आहे ती धाकटी.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. डहाणूपासून नरपड, घोलवड, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत किनारा अगदी सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की चिखल्या, तुतारी, कुरव हे पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. अशा वेळी दोन किलोची १५०-६०० मिमीची लेन्सही उपयोगी पडत नाही, कारण तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि दूरचा पक्षी धूसरच येतो. त्यापेक्षा पूर्ण भरतीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर पोहोचा आणि एका जागी बसून राहा. चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलतं. मग एपीएस-सी सेन्सरवर ४५० मिमीइतकी कामगिरी देणारी ३०० मिमीची लेन्स भरपूर होते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर चढतं आणि पक्षी दाटीने जवळ येतात. अष्टमीच्या सुमारास भांग असताना ते दूरच राहतात. म्हणून सहलीची तारीख लेन्सच्या आधी ठरवा. आणि थव्याच्या अंगावर धावत जाऊन उड्डाण टिपण्याचा प्रकार कृपा करून थांबवा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखरांना भरतीच्या त्या दोन तासांत विसावा हवा असतो.

ट्रायपॉड लोकलच्या गर्दीत स्वतःला आणि शेजाऱ्यालाही टोचतो. सूर्यास्तानंतरचे लांब एक्स्पोजर घ्यायचे नसतील तर तो घरीच ठेवा. पिशवीवर टेकवलेला कॅमेराही स्थिर राहतो. न्यायचाच असेल तर वाळूत पायांचा सर्वांत खालचा, बारीक भाग आधी उघडा, म्हणजे सांधे वाळू-पाण्याच्या वर राहतात. पोलरायझर मात्र जरूर न्या. ओल्या वाळूची आणि चिकूच्या तुकतुकीत पानांची चमक त्याने आटोक्यात येते. त्यात दीड-दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, तेवढं लक्षात ठेवा.

डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि त्याच तालुक्यात ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्रही उभं आहे. खाडी, तिवरं, होड्या आणि मागे ती चिमणी ही इथली खरी चौकट आहे. झूमने दूरचं जवळ ओढून दोन्ही एकत्र बसवता येतात. तरी चिमणी टाळून ‘निसर्ग’ काढणारेच जास्त भेटतात, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आता धाकटी लेन्स. कोळीवाड्यात वलांडीवर वाळत घातलेले बोंबील सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य समोर ठेवून पाहिले की जवळपास पारदर्शक दिसतात. तिथे हाताच्या अंतरावरून काम करावं लागतं. पाड्यावरच्या घरात तर तिच्याशिवाय भागतच नाही. कुडाच्या भिंती, गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं, आणि उजेड बहुधा दारातून येईल तेवढाच. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ सुमारे दहापट प्रकाश आत घेते. फ्लॅश तिथे मारूच नका. दारातून तिरका येणारा उजेड कुडाचा खडबडीतपणा आणि पिठाच्या रेघेची जाडी दाखवतो. समोरून मारलेला फ्लॅश ते सगळं पुसून टाकतो. लग्नघरी सवाशिणींनी रेखायची ही कला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर नेऊन जगभर पोहोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंत आजही कुणाच्या तरी घराची आहे. आत पाऊल टाकण्याआधी घरच्या माणसाला विचारायला हवं.

धाकट्या लेन्सला मोलाची म्हणतो ते यासाठीच. रस्त्यावर उभं राहून ३०० मिमीने अंगणातल्या बाईचा चेहरा ओढून घेता येतो, आणि तिला ते कळतही नाही. आम्हाला हे मान्य नाही. ३५ मिमीला जवळ जावं लागतं, नाव सांगावं लागतं, बसावं लागतं, कधी नकारही ऐकावा लागतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरून चाललेल्या नाचात तर वाकून, वादकाच्या हालचाली सांभाळत मधे शिरावं लागतं आणि आधी वादकाची आणि नाचणाऱ्यांची परवानगी असावी लागते.

१५०-६०० मिमीची लेन्स घरी ठेवल्याने जी जागा वाचेल तिथे मागच्या फेरीतल्या फोटोंचे चार बाय सहाचे प्रिंट एका पाकिटात ठेवा. ज्यांचे फोटो काढले त्यांच्या हातात ते पोहोचले पाहिजेत. मोबाइलच्या पडद्यावर क्षणभर दाखवलेला फोटो म्हणजे दिलेला फोटो नव्हे. उरलेल्या जागेत पाण्याची बाटली आणि सुती फडकं.

घरी परतल्यावर, कितीही दमलात तरी, खारं वारं लागलेला कॅमेरा कोरड्या कपड्याने घासू नका. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं बॉडीवरून फिरवा, काचेसाठी लेन्सचं द्रव वापरा. ट्रायपॉडचे पाय उघडून धुवा. पिशवी रात्रभर उघडी राहू दे आणि कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात जाऊ दे. आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बुरशीची भीती कमी होते.

पुढच्या अंकासाठी या दोन तालुक्यांतले फोटो पाठवणार असाल तर प्रत्येक फोटोबरोबर त्या दिवशीची भरतीची वेळ लिहा. फोटोत माणूस असेल, तर प्रिंट त्याच्यापर्यंत पोहोचला की नाही तेही कळवा. छापताना आम्ही हे दोन्ही तपशील फोटोखाली देणार आहोत.