पेट्रोलच्या पाईपचं वय

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून उठलेल्या शंकांना पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये उत्तर दिलं, तेव्हा सगळी चर्चा मायलेजभोवती फिरत राहिली. त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट होती. काही जुन्या गाड्यांचे थोडे रबरी भाग आणि गॅस्केटं वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात, हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं, असा तिचा आशय. जुन्या गाडीच्या मालकाने जपून ठेवावी अशी ही सूचना आहे. फक्त तिच्यातलं किलोमीटरचं माप मला मान्य नाही.

इमारतीखाली झाकून ठेवलेली मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी धावते किती? रविवारी मंडईपर्यंत, गणपतीला गावी. वर्षाला तीन हजार किलोमीटर धरले तरी वीस हजार व्हायला जवळपास सात वर्षं जातील. रबर मात्र गाडी उभी असतानाही म्हातारं होत असतं, उलट उभ्या गाडीत जास्तच. या गाड्यांत पेट्रोलचे पाईप बहुधा नायट्राइल रबराचे असतात. साध्या पेट्रोलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकलं. इथेनॉल मिसळलं की ते अधिक फुगतं, आणि नुसत्या इथेनॉलपेक्षाही या मिश्रणात जास्त फुगतं. रबर लवचिक राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू इंधनात उतरतात. मग गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली, पाईपमधलं पेट्रोल उडून गेलं, की फुगलेलं रबर सुकून आकसतं आणि क्लिपच्या कडेला चिरा पडतात. वीस टक्के इथेनॉल सोसणारं साहित्य नव्या गाड्यांत एप्रिल २०२३पासून आलं. मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्येच बंद झालं, पद्मिनीचं त्याच्याही कितीतरी आधी. त्यांचे मूळ पाईप या इंधनासाठी बनलेलेच नव्हते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पाईपवर तारीख नसेल, कधी बदलला ते आठवत नसेल, तर तो बदलायचा. आणि एक बदलायचा नाही, सगळे बदलायचे, कारण सगळ्यांचं वय एकच आहे.

‘सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं’ हेही कागदावरच खरं आहे. न गळणारा पाईप कुठला मेकॅनिक आपणहून बदलत नाही. बदललाच तर बिलावरची ती ओळ पाहून गिऱ्हाईकच हुज्जत घालतं. गळायला लागल्यावर तेवढाच तुकडा कापून नवा जोडला जातो, कधी तर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी. ती गरम मॅनिफोल्डजवळ मऊ पडते आणि काही महिन्यांत काडीसारखी कडक होते. पेट्रोलच्या वाटेवर तिला जागा नाही. सीएनजी बसवलेल्या गाडीत तर हा पाईप कुणी बघतच नाही, पण सकाळी गाडी चालू होते ती बहुधा पेट्रोलवरच.

हे काम मालकाने घरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण या कामाला हवा असतो वेळ, आणि तो मालकाकडेच असतो.

आधी खरेदी. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत ‘पेट्रोल पाईप द्या’ एवढंच म्हणू नका. पाईपवर छापलेलं वाचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत दाब अगदी कमी, एका बारच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास; तिथे एसएई जे ३० या मानकातला आर ७ वर्गाचा पाईप दाब सहन करतो. इंजेक्शनच्या गाडीत दाब तीन बारच्या घरात जातो, तिथे आर ९ हवा. त्याच्या आतल्या थराला फ्लोरोकार्बन रबर असतं आणि इथेनॉलपुढे ते नायट्राइलपेक्षा कितीतरी चांगलं टिकतं. म्हणून माझा आग्रह असा की कार्ब्युरेटरच्या गाडीलाही आर ९च घ्या. महाग पडतो, पण सगळ्या गाडीला लागतो दोन-तीन मीटर. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो पाईप दुकानदार कितीही शपथा घेवो, परत द्या. क्लिपही गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या घ्या. खाचांच्या पट्टीची साधी क्लिप आवळताना रबरात रुतते आणि नवाच पाईप कापते.

जागा उघडी हवी. सोसायटीच्या तळघरात हे काम करायचं नाही, खड्ड्यावर तर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, आणि शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट पकडण्याइतकी वाफ पेट्रोल सोडत असतं. इंजिन पूर्ण थंड, टाकीत पेट्रोल कमीत कमी. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावं. ते आपोआप बंद पडलं की दाब उतरलेला असतो. मग टाकीचं झाकण सैल करायचं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. पावडरचं अग्निशामक हाताशी, पाण्याची बादली नव्हे. तोंडाने पेट्रोल ओढायचं नाही.

पुढचं काम संथपणे करण्याचं आहे. फोटो काढून ठेवा, आणि एका वेळी एकच पाईप काढा, म्हणजे इंजिनाकडे जाणारा आणि टाकीकडे परतणारा यांची अदलाबदल होणार नाही. चिकटलेला पाईप हिसडू नका, आतली स्टीलची नळी वाकते. ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढा. नवा पाईप नव्या ब्लेडने काटकोनात कापा आणि आतला रबराचा चुरा फुंकून टाका, नाहीतर तोच कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसेल. नळीच्या टोकाला असलेल्या उंचवट्यापलीकडे पाईप चढला पाहिजे, आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. फिल्टरही त्याच वेळी बदला, बाणाची दिशा बघून. झाकणाच्या तोंडापासून टाकीत उतरणारा जाड पाईप हमखास विसरला जातो. त्याला दाब नसतो, पण वास गाडीत येतो तो बऱ्याचदा तिथूनच.

स्टीलच्या नळीचं मात्र वेगळं. कोकणातल्या, किनाऱ्यावरच्या गाड्यांत तळाशी नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली चिखल आणि खारी ओल साठते, आणि नळी तिथेच गंजते. नळीवरचा गंज नखाने उडत असेल, तर ते काम गॅरेजचं. तिथे तांब्याची नळी घालून घेऊ नका. ती वाकवायला सोपी असते, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. तसंच मधला गंजका भाग कापून रबराचा तुकडा जोडू देऊ नका. पूर्ण नळी नवी मागा.

काम झाल्यावर बॅटरीची तार परत लावा. इंजेक्शनच्या गाडीत फ्यूजही बसवून, नुसती चावी फिरवून पंप दोन-तीनदा चालू द्या आणि प्रत्येक जोड टॉर्चच्या उजेडात, कोऱ्या कागदाने टिपून बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन चालू ठेवून हेच करावं लागतं. आठवड्याने पुन्हा पाहा. रबर बसतं, क्लिप किंचित सैल होते.

मंत्रालयाने आणि कंपन्यांनी अजून एक करायला हवं. बदलायचे रबरी भाग नेमके कोणते, कुठल्या मापाचे, याची मॉडेलवार यादी मराठीसह सगळ्या भाषांत पेट्रोल पंपावर लावावी. भागांचे क्रमांक कंपन्यांकडे आहेतच. इंधन बदलण्याचा निर्णय मालकाने घेतलेला नव्हता. निदान पाईप कुठला घ्यायचा हे तरी त्याला दुकानादुकानांत विचारत फिरावं लागू नये.